विहीणबाईंचे हात

उष्टावणाला दोन दिवस झाले नाहीत तर माझ्या नातीला, दुर्वाला, उलट्या-जुलाब लागले, आणि विहीणबाई विनताबाई माझ्या खिरीवर घसरल्या.

"दूध शिळं असेल. तुमच्या स्वयंपाकघरात कोण पाहून राहिलं?"

मी त्यांना फाडून खाल्लं असतं, पण पोरीचे डोळे खोल गेले होते आणि रडताना पाणी येत नव्हतं. ऑटो करून आम्ही दोघी तिला अधारतालच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो.

त्या म्हणाल्या, "हा रोटाव्हायरस वाटतो. आतड्याचं आतलं अस्तर खराब होतं, मग पाणी अंगात मुरत नाही, सगळं वाहून जातं. आजारी मुलाच्या शीतून हाताला लागतो, हातून तोंडात जातो. घर में और किसी बच्चे को हुआ था?"

"यांच्या सदर मोहल्ल्यातल्या नातवाला," मी म्हटलं. "त्याचे लंगोट बदलून या आल्या, आणि पहिला घास आजोळचा म्हणून यांनीच भरवला. " मी विनताबाईंकडे वळले. "साबण लावला होता की नाही हो?"

"पाण्यानं धुतले होते," विनताबाई पुटपुटल्या.

"ओआरएस चमच्या-चमच्यानं पाजा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "राहिलं नाही पोटात, तर सलाईन लावावी लागेल."

मी चमचा धरला. पोरीनं तोंड फिरवलं आणि विनताबाईंकडे हात पसरले. माझ्या अंगाची आग झाली.

मी त्यांना दवाखान्यातल्या नळापाशी नेलं, समोर उभी राहून त्यांच्याकडून नखांपर्यंत साबणानं हात धुऊन घेतले आणि ओआरएसची वाटी त्यांच्या हाती दिली.

"पाजा. खिरीचं काय ते पोरगी बरी झाल्यावर बोलू."