कडक बाजू लेकीकडे

मी बँकेच्या खिडकीतली बुलेटप्रूफ काच बोलतेय. म्हणजे, होते. आता गोळी अंगात घेऊन एका काचमिस्त्रींच्या कारखान्यात भिंतीला टेकून उभी आहे. दोन महिने झाले, अजून मन थाऱ्यावर नाही.

मला नुसती काच म्हणू नका. एका अंगाला काच, दुसऱ्याला प्लास्टिक, अशी जोडून केलेली मी. आमच्या प्लास्टिकच्या घराण्याची सुरुवात मोठी गमतीची. फार मागे एक रसायनवाला दोन काचा चिकटवायला मध्ये रस ओतून बसला. रस काही चिकटेना. आपला आपण घट्ट झाला आणि पाण्यासारखा स्वच्छ पत्रा होऊन सुटून आला. तो प्लेक्सिग्लास. माझं प्लास्टिक त्याच्याच गोतातलं, पण जास्त चिवट. गोळी आली की काच फुटून तिचा जोर मोडते आणि मागचं प्लास्टिक वाकून उरलेला जोर पोटात घेतं. म्हणून काच बाहेर, प्लास्टिक माणसाकडे. एवढंच माझं शास्त्र.

मला बसवायला आले ते हेच मिस्त्री. खिडकीमागे बसणार होती त्यांची लेक. त्यांनी माझ्यावरचा कागद सोलला, त्याबरोबर ‘ही बाजू बाहेर’ ही चिठ्ठीही गेली. मग बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. एक बाजू टणटणली, दुसरी बद्द.

“कडक बाजू तुझ्याकडे देतो,” ते लेकीला म्हणाले.

“बाबा, कागदावर काहीतरी लिहिलं होतं ना?”

“तुझ्या जन्माआधीपासून काचा बसवतोय मी. कागद काय शिकवणार मला? तू आपलं टेबल आवर.”

माझा जीव नुसता तडफडला. पण मला वाचा कुठली?

चार वर्षं गेली. बाहेरचं प्लास्टिक लोकांच्या अंगठ्यांनी, किल्ल्यांनी ओरबाडून निघालं. “स्वस्तातली बसवलीत बाबा,” लेक चिडवायची.

मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं असताना, रांगेतल्या एका माणसाने पिशवीतून पिस्तूल काढलं आणि झाडलं. गोळी मी अडवली. पण माझी काच आतल्या अंगाला होती. ती फुटली आणि तिच्या कपच्या पोरीच्या तोंडावर उडाल्या. जिला राखायचं, तिलाच मी फाडलं. गोळीने नाही हो, मी.

मिस्त्री पोचले तोवर तिला दवाखान्यात नेलं होतं. ते तिच्या खुर्चीतल्या कपच्यांकडे बघत राहिले.

“गोळी तर इथे अडकलीय,” ते हवालदाराला म्हणाले, “मग आत काच कशी?”

मिस्त्रींनी माझ्या दोन्ही अंगांवरून हात फिरवला आणि चार वर्षांपूर्वी न वाचता सोललेला कागद त्यांना आठवला.

लेकीचा डोळा वाचला. गालावर अकरा टाके पडले. त्या दिवसापासून मिस्त्रींनी एकही काच बसवली नाही.

मला आता भंगारवाला नेईल, नेऊ दे. जाता जाता एकच मागणं आहे, बाबांनो. राखणीला कुणालाही उभं कराल, तर त्याचं तोंड कुठे आणि पाठ कुठे, तेवढं विचारून घ्या.

काल लेक कारखान्यात आली होती. सोमवारपासून ती पुन्हा त्याच खिडकीमागे बसणार.

“नवी काच आलीय. बसवायला या.”

“दुसरा कुणी बघ,” मिस्त्री म्हणाले. तिच्या गालाकडे त्यांना बघवत नव्हतं.

“दुसराही मला जपायला म्हणून कडक बाजू माझ्याकडेच देईल,” ती म्हणाली. “तुमची चूक करून झालीय बाबा. मला तुम्हीच हवेत.”

मिस्त्रींनी हत्यारांची पिशवी उचलली.

“तिच्यावरचा कागद कुणाला सोलू देऊ नकोस. आधी मी वाचणार,” ते म्हणाले.