वामनरावांची अक्षरं

माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. माझा विश्वास पगारावर. १९८८ साली वाडीच्या आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि मी, शामला, त्यावर ट्रकांच्या नोंदी करू लागले. डोळे अधू होत चालले होते, ते मात्र कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर नोकरीला मुकले असते.

मशीनची एक तऱ्हा होती. सकाळी जो आपलं नाव आणि परवलीचा शब्द टाकेल, त्याच्या सोयीचा पडदा उघडे. माझी अक्षरं हिरवी, मुंगीएवढी. म्हाताऱ्या वामनरावांची पांढरी, ठसठशीत. मशीन सांभाळणाऱ्या अनंतनं ती त्यांच्या नावावर बसवून दिली होती.

दिवाळीनंतर वामनराव वारले. "तेरवीपर्यंत त्याचं नाव पुसू नको गा," मॅनेजर गोपाळराव अनंतला म्हणाले. वामनरावांचा परवलीचा शब्द साऱ्या ऑफिसला पाठ होता. मी गुपचूप तोच टाकून कामाला बसू लागले. लाज वाटायची, पण गरजवंताला अक्कल नसते.

तेरवी झाली, नाव पुसलं गेलं. दुसऱ्या सकाळी मी धडधडत्या छातीनं स्वतःचं नाव टाकलं. पडदा उघडला तो पांढरा, ठसठशीत! मी अनंतचे आभार मानायला धावले.

"मी काहीच नाही केलं बाप्पा," तो म्हणाला. "तुमचं होतं तसंच आहे."

अंगावर काटा आला. तरी मी परत येऊन त्याच अक्षरांवर कामाला बसले.

एक दिवस गोपाळराव बिल्ट्यांचा, मालाच्या पावत्यांचा, गठ्ठा घेऊन शेजारी बसले. "तुले दिसत नाही म्हणतात. पडद्यावरचं वाच बरं, मी ताडून पाहतो."

मी घडाघडा वाचत सुटले. गाडी, माल, गाव. कुठे अडखळले नाही. जिंकल्यासारखी वळून पाहते तर अनंत भिंतीला टेकलेला, चेहरा पांढराफटक.

"लाईन कवाचीच गेली वं," गोपाळराव हळूच म्हणाले. "पडदा काळा पडला. तू काय वाचून राहिली?"

मी पुन्हा पाहिलं. पांढरी अक्षरं लखलखत होती.

"उद्यापासून येऊ नको."

"काहून? एक तरी चूक दाखवा ना!" मी रडत ओरडले.

चूक नव्हतीच. दोघंही माझ्याकडे पाठ न करता दाराकडे सरकत होते.