कचरू पेंटरच्या स्टुलाचं म्हणणं

मित्रांनो, मी एक जुनं स्टूल आहे, रंगाऱ्याचं. मला बघून तुम्हाला हसू येईल, कारण या शहरातल्या निम्म्या घरांचे रंग माझ्या अंगावर सांडलेले आहेत. पिस्ता, आकाशी, शेंदरी. एक जांभळा डागही आहे, तो कुणाच्या आवडीचा होता कोण जाणे. हसा खुशाल. मला हसण्याचं वावडं नाही. माझी सगळी कहाणी हसण्याचीच आहे, फक्त ती सांगताना मला रडू येतं, एवढाच काय तो घोटाळा.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात परदेशातून यंत्र आलं, त्याच्या खोक्याच्या फळ्या भंगारात निघाल्या, आणि एका सुतारानं त्यातून मला बनवलं. माझ्या बुडाखाली बाणाचं चित्र आहे आणि 'ही बाजू वर' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलंय. ती बाजू कायम खालीच राहिली. कचरूकाकांनी मला विकत घेतलं तेव्हा ते तरणेबांड होते. माणसाला तुम्ही चेहऱ्यावरून ओळखता, मी तळपायावरून ओळखतो. काकांचे पाय हलके. कोपऱ्यातलं छत रंगवताना ते अंगठ्यानं माझी कड घट्ट धरायचे, आणि मला उगीचच वाटायचं, की हा माणूस माझ्या भरवशावर आहे.

आम्ही सिडकोतली घरं रंगवली, गारखेड्यातली रंगवली, एकदा वेरूळला एका हॉटेलच्या खोल्याही रंगवल्या. घरोघरी बायका चहा देताना विचारायच्या, "नाव काय तुमचं?" काका म्हणायचे, "पेंटर म्हणा." का, ते मला आधी कळायचं नाही. मग एका घरी त्यांनी चुकून खरं नाव सांगितलं, आणि आतल्या खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. माझ्यावरचे पाय आखडले. त्यानंतर ते कायम पेंटरच राहिले. नाव तेवढं त्यांनी घरी ठेवलं.

घर मुकुंदवाडीकडच्या एका गल्लीत. दोन खोल्या, बाबासाहेबांची तसबीर, संध्याकाकूंचं शिलाई मशीन आणि मुलगा प्रणय. हा प्रणय म्हणजे भारीच नग. एवढासा होता तेव्हापासून माझ्यावर उभा राहून सगळ्या गल्लीच्या नकला करायचा. भाजीवाला करायचा, हेडमास्तर करायचा, आणि बापाचीही करायचा. कमरेवर हात ठेवून, मान वाकडी करून म्हणायचा, "मॅडम, रंग वाळल्यावर खुलतो बघा!" तेव्हा सगळ्यात जास्त कचरूकाकाच हसायचे. हसून हसून त्यांना ठसका लागायचा, संध्याकाकू पाणी द्यायच्या आणि म्हणायच्या, "बापाला मारतो का आता?"

मित्रांनो, मी श्रीमंतांच्या घरात पुष्कळ उभा राहिलोय. असं हसू मी तिथं फार कमी ऐकलं.

प्रणय मोठा झाला, पदवी झाली, नोकरी काही लागेना. कॅनॉटजवळ एका कॅफेत दर रविवारी संध्याकाळी मुलं माईकवर उभी राहून लोकांना हसवायची. प्रणय तिथं जायला लागला. अशा कार्यक्रमात माईकशेजारी एक स्टूल लागतं, पाण्याची बाटली ठेवायला. त्यानं मला उचललं, स्कूटीवर दोन्ही पायांच्या मधे उभं केलं आणि नेलं. आठवडाभर मी छताखाली राबायचं आणि रविवारी दिव्यांच्या झोतात उभं राहायचं. खोटं कशाला बोलू, मला तो थाट आवडला होता.

तिथं एका रविवारी तो म्हणाला, "माझ्या बापाचं नाव कचरू. सकाळी घंटागाडी आली की आई त्यांना आत ओढते आणि दार लावते. म्हणते, चुकून घेऊन जातील!"

हॉल असा हसला की माझ्यावरची बाटली थरथरली. विनोद चांगला होता. ते मी नाकारणार नाही. पण कार्यक्रम संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एका पोरानं जाता जाता हाक मारली, "ए कचऱ्या, भारी होतं!" प्रणय हसला. हसताना त्यानं माझी कड धरली होती, बापासारखीच, अंगठ्यानं. त्याला ते लागलं होतं. पण टाळ्या इतक्या पडल्या होत्या की त्याला तिकडं बघायला सवड नव्हती.

त्या विनोदाचा व्हिडिओ गावभर फिरला. कचरूकाकांचा फोन साधा, बोलण्यापुरता आणि गाण्यांपुरता, त्यांना पत्ता नव्हता.

तो त्यांना लागला, माझ्यावर उभं असतानाच. सिडकोतल्या एका घरी आम्ही दिवाणखाना रंगवत होतो. त्या घरातली कॉलेजात जाणारी श्रेया शेजारच्या खोलीत फोन बघत होती. एकाएकी भिंतीपलीकडून प्रणयचा आवाज आला. माझ्या बापाचं नाव कचरू. मग घंटागाडी, मग हॉलचं हसू, आणि त्यावर श्रेयाचं हसू. काकांचा ब्रश छतालाच टेकून राहिला. रंगाचा ओघळ त्यांच्या कोपरापर्यंत आला, तो माझ्यावर टपटप पडू लागला.

श्रेया फोन घेऊनच बाहेर आली. चांगली पोरगी होती, रोज चहात साखर किती विचारायची. "काका, हे बघा ना, आपल्याच गावातला मुलगा आहे. कसला भारी बोलतो!"

काकांनी वाकून बघितलं. "छान हाय," ते म्हणाले.

तेवढ्यात तिची नजर फोनमधल्या स्टुलावर गेली. मग खाली माझ्यावर आली. तेच डाग, तोच जांभळा. तिनं मान वर करून काकांकडे बघितलं आणि तिचं हसू मावळलं. "सॉरी काका," ती एवढंच म्हणाली. काका म्हणाले, "तुमचं काय चुकलं, ताई?" आणि त्यांनी पुन्हा छताकडे तोंड केलं.

घरी येऊन ते ओरडले नाहीत. जेवण झाल्यावर प्रणयला म्हणाले, "माझं नाव कुणी ठेवलं, म्हाईत हाय का तुला?"

"माहीत आहे पप्पा," प्रणय तावातावानं म्हणाला. "गावातल्या बड्या लोकांनी. आपल्या माणसांना असलीच नावं द्यायचे ते. म्हणून तर मी मोठ्यानं सांगतो. लाज त्यांना वाटली पाहिजे."

"नाय. माझ्या आईनं ठेवलं."

काका माझ्यावर बसले.

"माझ्या आधीची तीन लेकरं गेली. दीक्षा घेतल्याली व्हती आमच्या घरानं, असलं काय मानायचं नाय असं ठरलं व्हतं. पर तिच्यानं ऱ्हावलं नाय. मी झालो तसं तिनं मला उकिरड्यावर नेऊन ठिवलं. शेजारणीनं उचललं आन् परत तिच्या वटीत घातलं. कचरू म्हनलं की मरन बी नाक मुरडून पुढं जाईल, असं वाटलं तिला. विहारातले लोक लई येळा म्हनले, नाव बदल. नाय बदललं. लई मायेनं हाक मारायची रे ती."

मुक्ताबाईंना, म्हणजे काकांच्या आईला, मी पाहिलेलं नाही. पण त्या घटकेला मला वाटलं, की त्या तिथंच कुठंतरी बसलेल्या असाव्यात. प्रणयचे डोळे भरले होते. पण जातिवंत विनोदवाला तो, पटकन म्हणाला, "पप्पा, मग हेच सांगतो ना मी स्टेजवर!"

"नको," काका म्हणाले. "हे माझं हाय."

प्रणयनं तो व्हिडिओ काढून टाकला. पण शंभर ठिकाणी त्याची पिल्लं झालेली होती. बाप-लेक बोलत होते, पण जपून, ओल्या भिंतीला हात लागू नये तसं. पुढच्या रविवारी प्रणय माझ्याजवळ घुटमळला. "नेऊ का?" त्यानं विचारलं. काका म्हणाले, "ने की."

त्याच संध्याकाळी इंद्रजीत घरी आला. हा गल्लीतलाच, लहानपणापासून काकांना काका म्हणणारा, आणि आता महापालिकेच्या निवडणुकीच्या तयारीत. म्हणाला, "चला काका, पोराचा शो दाखवतो तुम्हाला." काकांनी प्रणयला स्टेजवर कधी पाहिलंच नव्हतं. संध्याकाकू मागाहून सांगत होत्या, त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि दोनदा आरशात बघितलं.

मी स्टेजवरूनच त्यांना दारात पाहिलं. प्रणयनंही पाहिलं. तो नोकरीच्या मुलाखतींचं काहीतरी सांगत होता, मधेच थांबला आणि लहान मुलासारखा हसला. मग काकांच्या मागून माणसं आत आली. खूप आली.

"बापाच्या नावाचा तमाशा लावलाय, हां?" इंद्रजीत ओरडला. "अन् हसतंय कोण इथं? ज्यांच्या आज्या आपल्याला अंगणाबाहेर उभं ठेवायच्या, त्यांचीच पोरं ना? त्यांना हसवतो व्हय तू?"

मित्रांनो, हे बोलणं अगदीच खोटं नव्हतं. त्यानं ते नुसतं विचारलं असतं, तर प्रणयला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते मलाही ऐकायचं होतं. पण उत्तर कुणाला हवं होतं? खुर्च्या उडाल्या. कुणीतरी मला उचलून फरशीवर आपटलं आणि माझा एक पाय मोडला. आडवं पडून मी बघत होतो. प्रणयला गुडघ्यावर बसवलं, दोन्ही कान धरायला लावले, आणि चारी बाजूंनी फोन वर झाले. एरवी हसणारे श्रोते भिंतीला चिकटून उभे होते, त्यांतल्याही काहींचे फोन वर होते.

"हाणा काका," इंद्रजीत म्हणाला. "एक कानाखाली द्या, सगळ्यांना कळू द्या."

कचरूकाका पुढं झाले. त्यांनी हात उचलले आणि प्रणयचे हात हळूच त्याच्या कानांवरून काढले. मग म्हणाले, "इंद्रजीत, दुखलं ते मला. तुला कुठं दुखलं, बाबा? माझ्या लेकराशी मी भांडन. घरी भांडन. तू माझं दुखणं मागायला बी आला नाय, तसंच उचलून आणलं." त्या गोंगाटात हे कुणापर्यंत पोचलं, ठाऊक नाही.

आता सगळ्यात वाईट सांगतो. त्या संध्याकाळचाही व्हिडिओ फिरला. त्यात काकांचे हात वर जाताना दिसतात आणि तिथंच तो तोडलाय. खाली लिहिलं होतं, बापानंच घडवली अद्दल. दुसऱ्या दिवशी लोक रस्त्यात थांबवून काकांची पाठ थोपटू लागले. काका सांगायचे, "मी मारलं नाय हो." लोक म्हणायचे, "मारायलाच पायजे होतं."

पोलिसांनी दोन्ही बाजूंना बोलावून समज दिली. कॅफेनं कार्यक्रम बंद केले. प्रणयनं पुन्हा कधी माईक धरला नाही. बिडकीनच्या एका कंपनीत तो स्टोअरला लागला, सकाळी बसनं जातो, संध्याकाळी येतो, सगळ्यांशी नीट, सभ्य बोलतो. कुणाची नक्कल नाही, कुणाला टोमणा नाही. संध्याकाकूंना आधी बरं वाटलं. आता त्याच जेवताना रेडिओ लावतात.

माझा पाय काकांनी खिळे मारून बसवला, पण आता माझ्यावर उभं राहता येत नाही. मी स्वयंपाकघरात बसायला आहे. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणाच्या नावावर हसण्याआधी ते कुणी आणि का ठेवलं, ते विचारत जा. आणि कुणाचं बोलणं तुम्हाला लागलं, तर त्याच्याशी भांडा, पोटभर भांडा, त्याच्या तोंडावर सांगा. पण त्याचं तोंड बंद करू नका. एवढं सांगून मी थांबणार होतो, पण परवाची गोष्ट राहिली.

परवा सुटीचा दिवस होता. तिघं जेवायला बसले होते, काका माझ्यावर. रेडिओ चालू होता. मग काकांनी घसा खाकरला. त्यांना विनोद सांगता येत नाही, आयुष्यात कधी सांगितला नाही. पण त्यांचे पाय चुळबुळ करत होते, म्हणजे बरेच दिवस मनात जुळवलेला असणार.

"प्रणय," ते म्हणाले, "आमच्या शाळेत गुरुजी हजेरी घ्यायचे ना, तव्हा 'कचरू' म्हनले की आख्खा वर्ग झाडू हुडकायचा!"

आणि ते स्वतःच हसले, मोठ्यानं, एकटेच. हसता हसता लेकाच्या तोंडाकडे बघत राहिले.

प्रणयनं घास खाली ठेवला. "पप्पा, हळू," तो म्हणाला. "कुणी ऐकंल."

आणि उठून त्यानं खिडकी लावून घेतली.