मिस्त्री तपासणीत पास होतात

डॉक्टरीणबाई गावकऱ्यांच्या रक्तातली साखर तपासायला येणार म्हटल्यावर सगळ्यांना युक्ती सांगितली ती मिस्त्रींनी. "दोन दिवस पोटाला चिमटा घ्या, यंत्राचा बाप आला तरी काही सापडायचं नाही!" सुतारकामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून बाकीच्या बाबतीतही त्यांचंच खरं मानायची गावाला खोड होती.

मिस्त्रींना धास्ती होती ती आजाराची नव्हे, लेकीची. आजार निघाला की ती शहरात घेऊन जाणार आणि कारखान्याला कुलूप लागणार. रंधा सुटल्यावर आपण करायचं काय, हे त्यांना सुचत नव्हतं.

तपासणी त्यांच्याच कारखान्यात ठेवली होती, कारण बसायला बाकं तिथेच. बोटाला टोचलं, आकडा चांगला आला. "बघा, ठणठणीत!" मिस्त्रींनी मिशीला पीळ दिला.

दुसरं कोणी असतं तर पुढच्याला हाक मारली असती. पण ही बाई घरोघरच्या तीन पिढ्यांची नाडी पाहिलेली. मिस्त्रींचे वडील साखरेनेच, बधिर पाय सडून गेले, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती खाली भुशातच बसली. "काका, बूट काढा जरा."

"पायात कसली साखर?"

"काढा तर खरं."

मोजा रक्ताने माखला होता. बुटाच्या तळातून घुसलेला खिळा थेट तळव्यात रुतलेला, आणि मिस्त्री सकाळपासून त्याच पायावर उभे होते.

"दुखलं नाही?"

मिस्त्रींनी तळव्याला बोट लावून पाहिलं; पायाला काहीच कळत नव्हतं. लाकडातली बारीक गाठ बोटाने ओळखणारा हा माणूस!

बाईंनी खिळा काढला, जखम धुतली, पट्टी बांधली. आवाज जराही चढवला नाही. "काका, मी कारखाना बंद करायला आले नाही. तुम्ही इथे उभं राहून काम करत राहावं म्हणून आलेय. लेकीशी मी बोलते. पण खरं सांगा, जेवलात कधी?"

काय बाई होती! "परवा," मिस्त्री म्हणाले. "आणि बाई, बाहेरची रांगही उपाशीच आहे. माझंच ऐकून."

ते पट्टीचा पाय जपत दारात गेले. पोटात कावळे कोकलणारी सगळी मंडळी बाहेर मांडलेल्या बाकांवर मोठ्या आशेने बसली होती.

"घरी जा रे, पोटभर जेवा," मिस्त्री ओरडले. "बाई पुन्हा येतील, तेव्हा रोजच्यासारखं खाऊन या. मी तुम्हाला मारायलाच निघालो होतो."