जांभळ्या प्रवाळावरची पिल्लं

"काकू, भिंग आहे का घरात?" शेठने कोपरापर्यंत हात माशांच्या काचेच्या टाकीत घातलेला होता.

काकूंनी मशीनच्या खणातलं भिंग काढून दिलं. त्या कपड्यांच्या कारखान्यात काजं करायच्या. नजर उतरल्यापासून भिंगाशिवाय टाका दिसत नसे. पण हल्ली ते भिंग काजांपेक्षा टाकीसाठीच जास्त बाहेर निघत होतं.

टाकी मुलाची. शेठच्या शोभेच्या माशांच्या दुकानात तो कामाला होता. गिऱ्हाईकांनी नाकारलेले, कडा तुटलेले प्रवाळाचे तुकडे घरी आणायचा आणि खाऱ्या पाण्यात जगवायचा. त्यातला हा जांभळा तुकडा नखाएवढा होता, त्याचं ताटाएवढं पान झालं होतं. मग एका भर दुपारी शेठ म्हणाला, पिशवीतलं पाणी तापायच्या आत माल पोचव. त्याने पोचवला. परत येताना टेम्पोने उडवलं. इस्पितळातून तो घरी आलाच नाही. गिऱ्हाईकाला माल मिळाला, शेठला पैसे मिळाले, आईला मोबाईल मिळाला, काच फुटलेला. टेम्पोवाला अजून टेम्पोच चालवतो.

घरात त्याच्या हातचं वाढणारं असं ते जांभळं पानच उरलं. बाकी सगळं जिथल्या तिथे थांबलेलं. काकू रोज त्याची कड बघायच्या, पुढे सरकली का म्हणून. आता ती कड पांढरी पडत चालली होती, म्हणून त्यांनी शेठला बोलावलं. ज्याचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं, त्यालाच.

शेठने प्रवाळाचा एक तुकडा मोडून उलटा केला आणि भिंग लावलं.

"दिसली ना?" काकू म्हणाल्या. "आमच्या इथेच जन्मलीत ती."

प्रवाळाच्या पोटाशी तिळाएवढे पांढरे जीव चिकटले होते. पाठीवर झालरी, पुढे दोन शिंगं. काकूंना ते प्रथम दिसले तेव्हा त्यांनी नवऱ्याला हाताला धरून ओढत आणलं होतं. "अहो, पिल्लं झालीत!" नवरा बघून म्हणाला, "वा! किड्यांची आजी झालीस की." पण दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी तोही वाकून बघून गेला. त्या घरात कितीतरी दिवसांनी कोणीतरी कशाला तरी वाकून बघितलं होतं.

"काकू, पट्ट्यांचा मासा कुठाय?"

"दिला."

"दिला? कुणाला?"

"दातांच्या डॉक्टरला. त्यांच्याकडे आहे खाऱ्या पाण्याची टाकी. अरे, मेला एकेक पिल्लू टिपून खात होता. दिवसभर तोच उद्योग. माझ्याच्याने बघवेना."

शेठने टाकीच्या काठाला धरलं. "पिल्लं कसली, काकू! हे गोगलगाईच्या जातीचे किडे. प्रवाळच खातात. हे असलंच, दुसरं काही नाही. त्यांच्यासाठीच तर तो मासा सोडला होता तुमच्या मुलाने."

काकूंनी पुन्हा प्रवाळाची पांढरी कड बघितली.

"मला विचारायचं तरी," शेठ म्हणाला.

"तुला?" काकूंचा आवाज चढला. "तुझ्या दुकानाची पायरी चढून तुला विचारायला येऊ?"

शेठने मान खाली घातली. असल्या माणसांना फक्त माशांचं कळतं.

"वाचेल का?" काकूंनी विचारलं. आता आवाज अगदी साधा होता.

शेठने उरलेलं पान सगळीकडून चाचपलं. जिथे तिथे अंडी. जिथे अंडी नव्हती तिथे नुसतं पांढरं हाड. "नाही. उगाच आशा दाखवत नाही. दुसरा तुकडा पाठवू का? असाच, जांभळा?"

"तो त्याने वाढवलेला असेल का?"

शेठ हात पुसायला काही शोधू लागला. कोणी काही दिलं नाही, तेव्हा त्याने शर्टालाच पुसला.

"आणि ही?" काकूंनी काचेवर बोट ठेवलं. एक पांढरा जीव प्रवाळ सोडून काचेवर आला होता. "ही आता काय खातील?"

"काही नाही. उपाशी मरतील."

"किती वेळ लागतो?"

"काही दिवस. तुम्ही कशाला बघताय? टाकी रिकामी करून टाका. मी माणूस पाठवतो."

"नको."

शेठ निघून गेला. काकूंनी मशीनपुढचं स्टूल उचललं आणि टाकीपाशी आणून ठेवलं. नवरा दारात उभा होता, त्याने सगळं ऐकलं होतं.

"अगं, त्यांनीच खाल्लं ना ते! त्यांच्यापाशी कशाला बसतेस?"

"इस्पितळात त्याच्यापाशी बसू दिलं नव्हतं," काकू म्हणाल्या. "काचेच्या बाहेरच थांबा म्हणाले होते."

काचेवरचा जीव खाली आला, पांढऱ्या हाडावर चढला आणि खायला काही मिळतं का ते शोधू लागला.