दाराजवळच्या खुर्चीला तेल देऊ नका

दचकू नका मित्रांनो, आत्ता कुरकुरले ती मीच. मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे, घडीची. माझ्यावर कोणी बसलेलं नाही, हे तुम्हाला दिसतंय. मलाही दिसतंय. तरी मी कुरकुरते, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. कारागिराला जेवायला जायची घाई होती, म्हणून माझ्या पाठीतला एक रिवेट ढिला राहिला. "राहू दे, कोण बघतंय!" असं म्हणून तो गेला. मेल्याचं ते बोलणं मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून कोणी टेकलं की माझ्यातून 'कुईं' असा आवाज निघतो.

पहिली अकरा वर्षं मी एका बारमध्ये काढली. तिथे एक शिंपी रोज यायचे, त्यांना सगळे मास्तर म्हणत. माझ्यावर बसूनच त्यांनी दुकान घालवलं आणि हातांना थरथर लावून घेतली. एक दिवस ते यायचे बंद झाले. मला वाटलं, मास्तर संपले. पुढे बारही बंद पडला आणि मी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढले. तिथे कोणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. थरथर नव्हती, तरी हात मी ओळखला. मास्तरच! "अगं, तू अजून आहेस होय?" म्हणाले आणि मला खांद्यावर टाकून घेऊन गेले.

दर गुरुवारी संध्याकाळी सहाला मास्तर एका शिकवणीच्या वर्गात माणसं जमवत. सगळी दारू सोडलेली, नाहीतर सोडू पाहणारी. एकेकाने आपलं सांगायचं, बाकीच्यांनी मधे तोंड घालायचं नाही. आणि दाराजवळची एक खुर्ची रिकामी ठेवायची, जो अजून आलेला नाही त्याच्यासाठी. ती खुर्ची म्हणजे मी. रिकामं राहायची नोकरी! मी चांगलंच नाक मुरडलं होतं.

मग एकदा एक ड्रायव्हर तीन आठवडे फिरकला नव्हता. चौथ्या गुरुवारी सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्यावर वजन पडलं. पुरतं, माणसाचं आणि गार. मी कुरकुरले. सगळ्यांनी वळून पाहिलं. "जुनं लोखंड आहे, करतं आवाज," कोणीतरी म्हणालं. पुढच्या गुरुवारी कळलं, ड्रायव्हर त्याच वेळी वारला होता. तेव्हापासून मास्तर माझ्याकडे तोंड करून बसू लागले.

मास्तरांचा स्वभाव खोडकर. खाली जिन्याशी पाटीवर खडूने लिहीत, 'आज सहाला बसायचं आहे. वर या.' आता 'बसायचं' म्हटल्यावर पिणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? एक रंगारी ते वाचून खरंच वर आला. काखेत कागदात गुंडाळलेली बाटली, खिशात खारे दाणे. "ग्लास आहेत ना, की खालून आणू?" त्याने विचारलं. सगळ्यांची हसून हसून मुरकुंडी वळली.

रंगारी ओशाळला. "अहो, आलात तसे बसा," मास्तर म्हणाले. "आम्ही बसतोच, पण कोरडे."

तो माझ्यावर बसला. अगदी कडेला, माझ्या पुढच्या पायाला स्वतःच्या पायाचा विळखा घालून. अंगाला टर्पेंटाइनचा वास येत होता. बाटली त्याने तशीच परत नेली. पुढच्या गुरुवारी ती नव्हती. असे सात गुरुवार तो आला. सातव्याला म्हणाला, "आताशा बायको आतून कडी लावत नाही." मला त्याचा लळा लागला हो.

आठव्या गुरुवारी तो आला नाही. सहा-दहाला माझ्या कडेला वजन आलं. हलकं, भाजीच्या पिशवीएवढं. मग काहीतरी माझ्या पुढच्या पायाला विळखा घालू लागलं. खोलीभर टर्पेंटाइनचा वास सुटला. मी जीव तोडून कुरकुरले. मला तेवढंच बोलता येतं.

मास्तर ताडकन उठले. "रंगाऱ्याचं काम कुठे चालू आहे?"

"मागच्या गल्लीतल्या नव्या इमारतीत. पण मास्तर, आणायला जायचं नाही असं ठरलंय," एकजण म्हणाला. "ज्याने त्याने आपल्या पायांनी यायचं."

"पाय राहिले तर येईल ना!" असं ओरडून मास्तर जिना उतरलेसुद्धा.

बाकीचे बसून राहिले. चहा गार झाला. माझं वजन वाढत होतं आणि माझा पत्रा खाली दबताना सगळ्यांना दिसत होता. आमच्यातली नर्स जवळ आली. माझ्या पाठीवर हात ठेवून ती पुटपुटत राहिली, "धरून ठेव रे, धरून ठेव." मग एकाएकी विळखा सुटला. वजन उतरलं. नर्स रडायला लागली. तो गेला की उठला, हे मलाही कळलं नाही.

नर्सचा फोन वाजला. मास्तर धापा टाकत होते. "पिऊन बंद खोलीत पडला होता. रंगाचे डबे उघडे, खिडक्या बंद. दार तोडलं. श्वास चालू आहे."

महिन्याभराने रंगारी आला आणि माझ्या कडेला बसला. माझा आवाज ऐकून त्याचा चेहरा पांढरा पडला. "घाबरू नको," मास्तर म्हणाले, "ती तुला ओळखते." पुढे त्याने खडूची पाटी रंगाने पक्की केली. शब्द तेच ठेवले. मलाही हिरवा रंग दिला, पण रिवेटला हात लावला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू तुमच्याकडे तेलपाणी मागतात. माझं मागणं उलटं आहे. मला तेल देऊ नका. आणि तुमच्यात एखादी जागा रिकामी दिसली तर ती खुर्ची मिटून कोपऱ्यात ठेवू नका. आज कोण आलं नाही, ते विचारा.

आता सहा-दहा झालेत. मघाशी मी ज्या वजनाने कुरकुरले, ते अजून पिशवीएवढंच आहे. रंगारी चपला घालून दारात उभा आहे, पण बिचारा जाणार कुठे? हे वजन माझ्या ओळखीचं नाही. हा माणूस इथे एकदाही आलेला नाही. तुमच्या ओळखीचा आहे का हो तो? लवकर आठवा.