थांबलेल्या पेशी मोजताना

“थांबली… थांबली… हीपण थांबली.”

ताईचा हा आवाज मी बावीस वर्षं ऐकतेय. लिफ्ट मध्येच अडली, पंखा फिरता फिरता गप्प झाला, की कानाशी तिचं मोजणं सुरू. बावीस वर्षांपूर्वी, तिच्या संशोधनाच्या दिवसांत, ती सूक्ष्मदर्शकावर ओणवी असायची आणि मी, तिची धाकटी बहीण, शेजारी बसून वहीत रेघा मारायचे.

पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या पेशी त्या. फांदीला कळी यावी तशी आईच्या अंगाला लेक येते. ताई त्यांना अतिनील दिव्याखाली धरायची, आतला डीएनए दुखवायची. मग दुखावलेली आई लेकीला कुशीला धरून थांबायची. जखम सांधेपर्यंत तिला वेगळी करायची नाही.

“आणि नाहीच थांबली तर?” मी विचारलं होतं.

“तर लेकीच्या वाट्याला तुटकं येतं, येडे.”

दिव्याखालून काढलेल्या बशा अंधाऱ्या खोलीत, पिवळ्या मिणमिणत्या बल्बखालीच ठेवायच्या, हा तिचा कडक नियम. ऊन लागलं तर त्या उजेडाच्याच बळावर पेशी जखम भरून काढतात. मग थांबायला कारणच उरत नाही.

तिचा प्रबंध तपासणारे परीक्षक येणार होते त्या दुपारी ताई त्यांना आणायला खाली गेली. बशा माझ्या राखणीला. तेवढ्यात पिवळा बल्ब उडाला. खोली काळीठिक्कर. मी एकोणीस वर्षांची, अंधाराला भिणारी. खिडकीचा पडदा बाजूला सारला. खणातून नवा बल्ब शोधून लावेपर्यंत अर्धा तास गेला, आणि तेवढा वेळ ऊन बशांवर निवांत बसून राहिलं. पायऱ्यांवर पावलं वाजली तसा मी पडदा ओढला.

परीक्षकांसमोर एकही पेशी थांबली नाही. सगळ्यांच्या लेकी सुखरूप सुट्या होत गेल्या. “बाई, तुमची वही काही भलतंच सांगते,” एवढंच ते म्हणाले.

त्या संध्याकाळी ताईने विचारलं, “पडदा बंदच होता ना गं?”

“हो ताई.”

तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. कितीतरी वेळ. त्यानंतर तिने बशीला हात लावला नाही.

आज तिची लेक, आमची भिंगरी, अशाच एका प्रयोगशाळेत निवडली गेली. फोन नाचवत स्वयंपाकघरात आली. ताई भांडी पुसत होती.

“नको,” ताई म्हणाली. “कळवून टाक, येत नाही म्हणून.”

“पण का? मावशी, तूच सांग ना हिला!”

“ती काय सांगणार? तुझे हात माझ्यावर गेलेत. समोर दिसतं ते सोडून मनातलं वहीत उतरवणारे.”

“माझे बाबांवर गेलेत, बघ तरी! हे एवढाले पंजे!” भिंगरीने तळवे पसरले. ताई भांडी पुसतच राहिली. तळवे हळूहळू मिटले.

“बरं,” ती पुटपुटली आणि अंगठ्याने नकार लिहू लागली.

मी तिचा फोन धरला, पण बोलले ताईकडे बघून.

“ताई, त्या दुपारी मी बशांना ऊन दाखवलं होतं. अंधाराची भीती वाटली म्हणून. अर्धा तास. तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले, आणि नंतर रोजच बोलत राहिले. तुझे हात चांगले होते गं. तू मोजलेली एकूण एक पेशी खरी होती.”